‘टक्के कमी आहेत, पण मी बघतो’ : नर्सिंगच्या प्रवेशात आमची झालेली फसवणूक

बारावीचा निकाल लागला की आठवड्याभरात फोन सुरू होतात. मुलीला नव्वद टक्के असतील तर कुणी विचारत नाही. ती पन्नाशीत अडकली असेल तर मात्र तिचं नाव, गाव, शाखा, मार्क सगळं तोंडपाठ असलेला माणूस पलीकडून बोलतो. ही माहिती त्यांच्यापर्यंत कुठून जाते हा वेगळा चौकशीचा विषय आहे, पण जाते हे नक्की.

माझी भाची लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बारावी कला शाखा, ५१ टक्के. नर्स व्हायचं हे तिचं शाळेत असल्यापासून ठरलेलं. माझी आई तेव्हा बहिणीकडे राहायची, तिच्या पायाला मधुमेहाची जखम झाली होती आणि उपकेंद्रातल्या सिस्टर ड्रेसिंगला यायच्या. ही पोरगी शेजारी ट्रे धरून उभी असायची. कापूस कुठल्या चिमट्याने उचलायचा, जखम आतून बाहेर पुसायची की बाहेरून आत, हे तिने तिथे बघून बघून शिकून घेतलं होतं. अशा मुलीला नर्सिंगच्याच नावाखाली लुटलं गेलं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आमच्या लातूरला डॉक्टरकीचं वारं मोठं. ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर माहीत आहे, नीटच्या क्लासेससाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून मुलं येऊन राहतात. त्यातली बहुतेक एमबीबीएसला लागत नाहीत हे उघड आहे. मग उरलेल्या मुलांभोवती आणि आमच्यासारख्या कला शाखेच्या मुलींभोवती ‘ॲडमिशन गायडन्स’वाल्यांची गर्दी होते. असाच एक जण बहिणीच्या नंबरवर फोन करू लागला, आणि भाऊजींना कळेना म्हणून त्याला माझ्याकडे वळवलं.

त्याचं बोलणं मला अजून शब्दन् शब्द आठवतं. “मामा, एक्कावन्न टक्क्याला जीएनएम कोण देतंय आजकाल? तेबी आर्ट्सला. पण पोरगी गरीब घरची आहे, मी बघतो. सरांशी बोललोय मी. दोनच सीट उरल्यात. आज टोकन टाकलं तर लॉक करतो, उद्याचं सांगू शकत नाही.”

या बोलण्यातलं पहिलं वाक्यच खोटं होतं, आणि पुढचा सगळा धंदा त्या एका वाक्यावर उभा होता. जीएनएम म्हणजे तीन वर्षांची नर्सिंगची पदविका. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार तिला बारावी कुठल्याही शाखेतून चालते. विज्ञान असेल तर प्राधान्य, पण अट नाही. एकूण किमान ४० टक्के आणि इंग्रजी विषयातही ४० टक्के हवेत, वय १७ पूर्ण हवं. माझी भाची या नियमात सरळ बसत होती. तिला कुणाच्या ‘सेटिंग’ची गरज नव्हती, कुठल्या सरांशी बोलायची गरज नव्हती. जो दरवाजा तिच्यासाठी उघडाच होता तो बंद आहे असं सांगून त्याने आमच्याकडून पैसे काढले. ही मंडळी जागा विकत नाहीत, कमी मार्कांची लाज विकतात. आईबाप आधीच खाली मान घालून बसलेले असतात, शेजारच्याची पोरगी कुठे लागली ते रोज कानावर येत असतं, आणि अशा वेळी कुणी “मी बघतो” म्हटलं की ते देवासारखं वाटतं. त्याला हे पक्कं माहीत असतं.

टोकन म्हणून २५ हजार त्याच दिवशी मोबाइलवरून गेले. कॉलेज सुरू होताना आणखी ६० हजार रोख. त्यातले काही सोयाबीनचे, काही बहिणीच्या बचत गटाच्या कर्जाचे. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, सगळं ‘व्हेरिफिकेशनला लागतं’ म्हणून मूळ प्रतीत ठेवून घेतलं.

पावतीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सगळी फसवणूक त्या एका कागदावर छापलेली होती. वर संस्थेचं नाव ठळक लाल अक्षरात. खाली सोसायटी नोंदणी क्रमांक. त्याखाली ‘आयएसओ ९००१:२०१५ प्रमाणित’. उजव्या कोपऱ्यात रेड क्रॉससारखं दिसणारं एक चिन्ह. आणि रकमेसमोर, ‘कशापोटी’ या रकान्यात, ‘विकास निधी’. शुल्क हा शब्द कुठेही नाही. अभ्यासक्रमाचं नाव नाही, शैक्षणिक वर्ष नाही, विद्यार्थिनीचा क्रमांक नाही. आता यातलं प्रत्येक कलम बघा. सोसायटीची नोंदणी म्हणजे फक्त संस्था अस्तित्वात आहे एवढंच, तशी नोंदणी गावातल्या गणेश मंडळाचीही असू शकते. आयएसओचं प्रमाणपत्र कामकाजाच्या पद्धतीचं असतं आणि ते कुठल्याही धंद्याला मिळतं. नर्सिंग शिकवायचा अधिकार या दोन्हींतून येत नाही. आणि ‘विकास निधी’ एवढ्याचसाठी, की उद्या कुणी विचारलं तर देणगी होती म्हणता यावं. प्रवेशासाठी देणगी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे.

कॉलेज म्हणजे तालुक्याच्या गावी एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरचे दोन हॉल. सरावाचा एक पुतळा, एक बीपीचं मशीन, भिंतीवर सांगाड्याचं चित्र. मुलींना गणवेश मात्र पहिल्याच आठवड्यात दिला, त्याचे पैसे वेगळे घेतले. गणवेशातल्या मुलीचा फोटो घरी गेला की घरचे निर्धास्त होतात.

खरा प्रकार पुढे सुरू झाला. ‘क्लिनिकल पोस्टिंग’ म्हणून मुलींना जवळच्या एका लहान खासगी दवाखान्यात पाठवायला लागले. नर्सिंगच्या शाळेमागे रुग्णालय लागतं. परिषदेचे निकष १०० खाटांच्या रुग्णालयाची गोष्ट करतात, कारण प्रत्येक विभागात, शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली, मुलींचे हात तयार व्हायला हवेत. इथे मोजून दहा-बारा खाटा, आणि शिकवायला कुणीच नाही. मुली केसपेपर काढायच्या, बेडपॅन उचलायच्या, फरशी पुसायच्या, रात्रपाळीला पेशंटजवळ बसायच्या. पगार नाही, कारण हे ‘शिक्षण’ होतं. एका रात्री भाचीला एकटीला सलाइनमधून इंजेक्शन सोडायला सांगितलं. औषधाचं नाव तिने आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. तिने नकार दिला, सकाळी तिला सगळ्यांसमोर बोलणी बसली. तिच्या जागी दुसरी एखादी घाबरट मुलगी असती तर तिने दिलं असतं. त्या खाटेवरच्या पेशंटचं काय झालं असतं आणि कुणाच्या नावावर आलं असतं? पैशाचा राग एकवेळ गिळता येतो, याचा नाही. धड न शिकवलेल्या अठरा वर्षांच्या पोरीच्या हातात सिरिंज देणारी माणसं तिचाही जीव धोक्यात घालतात आणि पेशंटचाही.

बिंग फुटलं ते शिष्यवृत्तीच्या अर्जामुळे. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरायला ती सेतू केंद्रात गेली. ऑपरेटरने जिल्हा निवडला, तालुका निवडला, संस्थांची यादी उघडली आणि म्हणाला, “ताई, तुमचं कॉलेज यात नाही.” कार्यालयात विचारलं तर क्लार्क म्हणाला, पोर्टल अपडेट व्हायचंय, पुढच्या महिन्यात येईल. पुढच्या महिन्यातही तेच उत्तर. मग ती उपकेंद्रातल्या त्याच सिस्टरांना भेटली. त्यांनी एकच विचारलं, “बाळा, नर्सिंग कौन्सिलची तुमची विद्यार्थी नोंदणी झाली का? परीक्षा कोण घेणार आहे?”

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, आणि संस्थेकडेही नव्हतं. महाराष्ट्रात जीएनएम आणि एएनएमची (सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम) परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बीएस्सी नर्सिंगची नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. पास झाल्यावर नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते, आणि त्या नोंदणीशिवाय सरकारी भरतीत अर्जसुद्धा करता येत नाही. आमच्या संस्थेची परीक्षा मात्र दिल्लीतल्या कुठल्याशा ‘कौन्सिल’कडून होणार होती. तिच्या नावात ‘ऑल इंडिया’ही होतं आणि ‘पॅरामेडिकल’ही, पण तिचा नर्सिंगच्या परिषदेशी काडीचा संबंध नव्हता. माहितीपुस्तक पुन्हा नीट वाचलं तेव्हा शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरात, अभ्यासक्रमाचं नाव सापडलं: ‘नर्सिंग केअर डिप्लोमा (जीएनएम पॅटर्न)’. पॅटर्न! फोनवर, फलकावर, वर्गात सगळीकडे जीएनएम, आणि कागदावर पॅटर्न.

रुग्णाची देखभाल शिकवणारे सहा महिन्यांचे, वर्षाचे काही अभ्यासक्रम सरकारच्या कौशल्य योजनांतही आहेत, त्यातून मुलामुलींना सहायक म्हणून कामं मिळतात, त्यात वावगं काही नाही. पण ते करून कुणी नर्स होत नाही. नर्स म्हणून नोंदणी होण्याच्या वाटा एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग याच. ‘एक वर्षात नर्स’ किंवा ‘दहावी नापास चालेल’ असं ज्या फलकावर लिहिलंय तिथे आत पाऊलच टाकू नका.

पैसे परत मागितले तर उलट उरलेल्या दोन वर्षांची फी भरा, मगच कागद मिळतील, असं उत्तर आलं. इथे बरेच पालक खचतात आणि पोरीला तिथेच ठेवतात, कारण गुणपत्रिका गेल्या तर सगळंच गेलं असं त्यांना वाटतं. तसं नाही. बारावीच्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत मंडळाच्या विभागीय कार्यालयात मिळते, आमचं विभागीय मंडळ तर लातूरलाच आहे. अलीकडच्या वर्षांच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवरही असतात. जातीचा दाखला पुन्हा काढता येतो. कागद अडवून ठेवले म्हणून मुलीचं आयुष्य अडवून ठेवू नका. आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली, मोबाइलवरच्या व्यवहाराचा पुरावा आणि फोनचं रेकॉर्डिंग जोडलं. पूर्वी ज्याला लोक ‘चारशे वीस’ म्हणायचे तो फसवणुकीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येतो. तक्रार गेल्यावर चार दिवसांत मूळ कागद घरपोच आले. पैसे अर्धेही परत मिळालेले नाहीत, पाठपुरावा चालू आहे. एजंटचा नंबर बंद आहे.

पुढच्या वर्षी त्याच ५१ टक्क्यांवर, त्या वर्षीच्या प्रवेशसूचनेप्रमाणे रीतसर अर्ज करून, भाची मान्यताप्राप्त संस्थेत जीएनएमला लागली. जिल्हा रुग्णालयात तिचं पोस्टिंग असतं, ट्यूटर पाठीशी उभ्या असतात, आणि प्रोसिजर बुकात प्रत्येक कामापुढे त्यांची सही लागते. तीन वर्षं झाली की तिला दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येईल. कला शाखेच्या मुलीला पदवीपर्यंत जायची ही सरळ वाट आहे, आणि एकाही एजंटने ती आम्हाला सांगितली नाही.

विज्ञान शाखेच्या मुलांसाठीही तेच. बीएस्सी नर्सिंगला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. महाराष्ट्रात २०२३ पासून त्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, राज्य सीईटी कक्ष घेतो. “सीईटी दिली नाही तरी बसवतो” म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे फोन ठेवायला सांगा. आणि मुलींच्या पालकांनी हेही लक्षात घ्या: आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढला, पण तो केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेशफेरीतून, प्रवेश घेतलेल्यांना. एजंटमार्फत मॅनेजमेंट कोट्यात गेलात की ही माफी हातची गेली. तो घेईल ते कमिशन आणि तुम्ही गमावाल ती माफी, दोन्ही बाजूंनी नुकसान तुमचंच.

पैसे द्यायच्या आधी संस्थेचं नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत स्वतः शोधा, संस्थेने दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. नाव आणि गाव दोन्ही जुळतात का ते बघा, एकाच नावाच्या दोन संस्था असतात आणि मान्यता एकीलाच असते. सरकारी दवाखान्यातल्या कुठल्याही सिस्टरांना विचारा, त्यांना आपल्या भागातल्या शाळा माहीत असतात. शिक्षणकर्ज लागणार असेल तर बँकेत आधी जा, कारण मान्यतेचं पत्र नसेल तर बँक फाइल पुढे सरकवत नाही. आणि पावतीवर ‘शैक्षणिक शुल्क’, अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव आणि वर्ष लिहून मागा. ते लिहून द्यायला कुणी टाळाटाळ केली तर पैसे खिशातच राहू द्या.

भाचीच्या त्या वर्गातल्या बऱ्याच मुली अजून तिथेच जात आहेत. काहींच्या घरी आम्ही जाऊन आलो. “आता दोन वर्षं राहिलीत, निदान काहीतरी सर्टिफिकेट तरी मिळेल,” असं एक वडील म्हणाले. त्यांना आणि तशा प्रत्येक पालकाला माझं हात जोडून सांगणं आहे, पुढचा हप्ता भरू नका. आमच्या तक्रारीला तुमची तक्रार जोडा, पावत्या सांभाळून ठेवा, व्यवहाराचे स्क्रीनशॉट काढा. एकट्याच्या अर्जाकडे दुर्लक्ष होतं, दहा पालक एकत्र पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात गेले तर होत नाही. मी प्रत्येकाबरोबर यायला तयार आहे.