हिवाळी ट्यून: सुबारू डब्ल्यूआरएक्सवर मिशिगनचा एक अख्खा हिवाळा

गाडी २०१८ ची डब्ल्यूआरएक्स, २.० लिटर टर्बो, सहा गिअरची मॅन्युअल. इनटेक, इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा), एक्झॉस्ट सगळे कंपनीचेच. ट्यून, म्हणजे इंजिनच्या संगणकातल्या (ईसीयू) सेटिंगची फाइल, टाकण्यासाठी कॉब कंपनीचे ॲक्सेसपोर्ट हे उपकरण. वापर नोव्हेंबर ते मार्च, आग्नेय मिशिगनमध्ये, रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांसाठी. खाली तापमान सेल्सिअसमध्येच दिले आहे.

थंडीत टर्बो गाडी आपसूकच ताकदवान होते. दाब तोच धरला तर ३० अंशांच्या हवेपेक्षा उणे २० अंशांची हवा सुमारे २० टक्के दाट असते. इंटरकूलरही थंडगार राहतो. ताकद अशी आयतीच मिळत असताना फाइल निवडताना पाहायचे ते एवढेच, की टॉर्क कोणत्या आरपीएमला आणि किती झटक्यात चाकांवर येतो.

ही गाडी मुळातच २००० ते ५२०० आरपीएममध्ये ३५० न्यूटन-मीटर देते. ९३ ऑक्टेनची तयार स्टेज १ फाइल (कंपनीच्या मूळ भागांवरच चालणारी) टाकली की ३००० च्या आसपास चढ आणखी उभा होतो. कोरड्या रस्त्यावर त्यात मजा आहे. पण दबलेल्या बर्फावर दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना नेमके इथेच चारही चाके एकदम सुटतात. मॅन्युअल गाडीतला मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांत टॉर्क वाटणारा) व्हिस्कस कपलिंगचा, ५०:५० वाटणीचा. थांबलेली गाडी उचलायला तो उत्तम, पण वळायला आणि थांबायला पकड टायरनेच द्यायची असते. ट्यूनचे पैसे आणि विंटर टायरचे पैसे यांत एकच निवडायचे असेल तर डोळे झाकून टायर घ्या.

पर्याय तीन होते: ९३ ची तयार फाइल, ९१ ची तयार फाइल आणि ट्यूनरकडून बनवून घेतलेली हिवाळी फाइल. तिन्ही आलटून पालटून चालवल्यावर पसंती तिसरीला. पैसे खर्च करायचे नसतील तर टाकीत ९३ आणि गाडीत ९१ ची फाइल ठेवा. बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) दोन्ही जरा सौम्य राहतात आणि पेट्रोल थोडे हलके निघाले तरी हाताशी थोडी मोकळीक उरते. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी: हे आकडे अमेरिकी एकेआय पद्धतीचे आहेत. इथले ९१ म्हणजे भारतात चालणाऱ्या रॉन पद्धतीचे साधारण ९५-९६.)

हिवाळी फाइल मागताना नेमके काय सांगायचे? ३५०० आरपीएमच्या खाली बूस्टचे लक्ष्य उन्हाळी फाइलपेक्षा २-३ पीएसआय कमी आणि चढ सावकाश. पेडलच्या पहिल्या अर्ध्या दाबात प्रतिसाद सरळ रेषेत, कारण बुटाला बर्फ चिकटलेला असतो आणि पाय तेवढा नाजूक चालत नाही. पण टॉर्क कमी करण्यासाठी टायमिंग मागे ओढू देऊ नका. ठिणगी उशिरा पडली की उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, टर्बो तापतो आणि पेट्रोल फुकट जळते. कमी करायचा तो बूस्टच. आणखी एक, जे बरेच जण विचारतच नाहीत: ईसीयूचा टॉर्कचा हिशेब खरा ठेवायला सांगा. घसरण होताना स्थिरता नियंत्रण इंजिनकडून टॉर्क कमी करून घेते ते याच हिशेबावर. तिथे खोटे आकडे भरलेली फाइल कोरड्या रस्त्यावर ठीक चालते आणि बर्फावर दगा देते.

थंडीत सगळ्यात जास्त सतावते ती बूस्टची अचानक उसळी. वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप) किती उघडायचे याचे आकडे २०-२५ अंशांवर बसवलेले असतात. उणे १५ ला तेच आकडे वापरले की टर्बो लक्ष्याच्या पुढे जातो आणि मर्यादा ओलांडली की ईसीयू इंधन तोडते. कुणीतरी मागून गाडी धरल्यासारखा झटका बसतो. इनटेक तापमानानुसार वेस्टगेटची भरपाई करणारा वेगळा तक्ता असतो, तो खऱ्या थंडीतल्या लॉगवरूनच (चालत्या गाडीच्या नोंदींवरूनच) नीट बसतो. म्हणून ऑक्टोबरच्या लॉगवर बनवलेली ‘हिवाळी’ फाइल अर्धवटच समजा आणि उणे तापमानात लॉग करून दुसरी फेरी करून घ्या. सुबारूच्या काही मॉडेलांसाठी तयार फायलींच्या ‘लो वेस्टगेट’ आवृत्त्या मिळतात. बूस्ट वर जात असेल तर त्या याच कामाच्या.

लॉगमध्ये बूस्ट, इनटेक तापमान, तेलाचे तापमान, फीडबॅक नॉक (नॉक, म्हणजे इंधन अवेळी भडकणे, जाणवताच ईसीयूने मागे घेतलेले टायमिंग), फाइन नॉक लर्निंग (त्यातून शिकून ठेवलेली दुरुस्ती) आणि डीएएम (ईसीयूचा टायमिंगवरचा एकूण भरवसा, पूर्ण म्हणजे १.०) एवढे तरी हवेच. पूर्ण पेडलचा लॉग कोरड्या रस्त्यावर किंवा डायनोवरच (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारे यंत्र). बर्फासाठी टाकलेल्या मिठाने पांढऱ्या झालेल्या हायवेवर अजिबात नको. डीएएम १.० असलाच पाहिजे. गिअर बदलताना क्षणभर उणे १.४ चा फीडबॅक दिसणे वेगळे आणि पूर्ण लोडवर तो पुन्हा पुन्हा त्याच आरपीएमला दिसणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात किंवा डीएएम खाली आल्यास पाय काढा आणि लॉग ट्यूनरला पाठवा. फाइल बदलली की शिकलेले सगळे पुसले जाते, त्यामुळे पहिले १००-१५० किलोमीटर सौम्य चालवूनच निकाल ठरवा.

इथेनॉल मिसळणाऱ्यांनी पुढचा हिशेब वहीत लिहून ठेवावा. अमेरिकेत ई८५ म्हणून विकल्या जाणाऱ्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असू शकते. थंडीत इथेनॉलची वाफ नीट होत नाही आणि इंजिन सुरू व्हायला त्रास होतो, म्हणून हिवाळ्यात पेट्रोलचा वाटा वाढवतात. ६० लिटरच्या टाकीत ई१० (१० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलबरोबर ३० टक्के इथेनॉल हवे, तर ८३ टक्क्यांचे इंधन सुमारे १६.५ लिटर लागते. तेवढेच १६.५ लिटर जर ५१ टक्क्यांचे निघाले, तर टाकीत इथेनॉल फक्त २१ टक्के. फाइल मात्र ३० चे टायमिंग मागत राहते आणि नॉक तिथून सुरू होतो. इथेनॉलचे प्रमाण दाखवणारी चाचणी नळी स्वस्त आहे. दर भरण्याला तपासा. फ्लेक्स सेन्सर (इंधनातले इथेनॉल मोजणारा) नसेल तर हिवाळ्यापुरते इथेनॉल सोडून साध्या ९३ वर येणे हेच शहाणपण.

तेलाबद्दल. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापले, असे नव्हे. उणे १५-२० ला तेल त्याच्या बरेच मागे असते, बहुधा १५-२० मिनिटे. ॲक्सेसपोर्टवर तेलाचे तापमान लावून ठेवा आणि ७० अंशांच्या आत बूस्टमध्ये जाऊ नका. ब्लॉक हीटर (इंजिन विजेवर गरम करणारा) असेल तर निघण्याआधी २-३ तास टायमरवर लावा. डायरेक्ट इंजेक्शन आणि छोट्या थंड फेऱ्या यांमुळे पेट्रोल तेलात उतरते: डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते, वास येतो. ट्यून केलेल्या गाडीत हिवाळ्यात ५W-३० सिंथेटिक ५००० किलोमीटरला बदलणे योग्य. फिल्टरसह सुमारे ५.१ लिटर लागते.

साधा कॅच कॅन (क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ अडवणारा डबा) लावला असेल तर दर आठवड्याला रिकामा करा. त्यात तेलापेक्षा पाणीच जास्त जमते, दुधाळ चिखलासारखे. ते नळीत गोठले की क्रँककेसचा दाब सील आणि डिपस्टिककडून वाट काढतो. कूलंटने गरम राहणारा सेपरेटर नसेल, तर हिवाळ्यात कॅन काढून मूळ जोडणी लावलेली बरी. बाजारातला लांब, खाली उतरणारा इनटेकही बर्फाचा भुगा ओढतो, आणि त्याच्यासाठी न बनवलेल्या फाइलवर हवेचे मोजमापच चुकते. पहिल्या कडक थंडीनंतर बूस्टच्या नळ्यांचे क्लॅम्प पुन्हा आवळा. रबर आक्रसते आणि तिथून हवा गळू लागते.

फाइल टाकताना बॅटरीला चार्जर लावलेलाच हवा. गारठलेली बॅटरी मध्येच बसली तर ईसीयू अर्धवट लिहिली जाते आणि गाडी जागची हलत नाही. वॉरंटी चालू असेल तर हेही लक्षात घ्या, की मूळ फाइल परत टाकली तरी फेरबदलाच्या खुणा सापडू शकतात.

पुण्या-नाशिकच्या टर्बो पेट्रोलवाल्यांना वेगळ्या हिवाळी फाइलची गरज नाही. तिथल्या डिसेंबरच्या पहाटे चांगल्या फाइलमधली तापमानाची भरपाई सहज सांभाळते.

उन्हाळी फाइलवर परत जाताना कॅलेंडर बघू नका. सकाळचे तापमान सलग ७ अंशांच्या वर राहू लागले आणि विंटर टायर उतरले, की त्याच दिवशी चार्जर लावून फाइल बदला. इथेनॉल वापरत असाल तर पंपावरचे इंधन आधी नळीत तपासा. हिवाळी मिश्रण टाकीतून आणि पंपातून जायला एप्रिलही उजाडतो.