आरएक्स १००: काढलेला ऑइल पंप परत बसवला, त्यानंतरचा अनुभव

आरएक्स १०० ही यामाहाची टू-स्ट्रोक मोटारसायकल. तिच्या इंजिनाला पेट्रोलसोबत ऑइलही लागतं, आणि वेगळ्या टाकीतलं ते ऑइल इंजिनात ढकलतो तो ऑइल पंप. ही गाडी घेतली की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगतं, "पंप काढून टाका, टाकीत ऑइल मिक्स करा आणि निर्धास्त फिरा." माझ्या गाडीवर हा सल्ला आधीच्या मालकानेच अमलात आणलेला होता. पंपाच्या जागी पत्र्याची पट्टी, केबलचं टोक तारेने बांधलेलं, ऑइलची टाकी कोरडी ठणठणीत. वर्षभर मी ती तशीच मिक्सवर चालवली. गेल्या दिवाळीनंतर पंप परत बसवून घेतला. कोल्हापुरातली रोजची ये-जा आणि अधूनमधून आंबा घाटातून रत्नागिरी, एवढा तिचा वापर. एकाच इंजिनावर दोन्ही पद्धती पाहिल्यावर माझं मत ठाम झालंय: रस्त्यावर चालणाऱ्या स्टँडर्ड आरएक्सचा पंप काढू नये.

मेस्त्री लोक तो का काढतात, हे मला पटतं. पंपातून ऑइल येणं थांबलं तर लगेच काही कळत नाही. गाडी नेहमीसारखीच ओढते आणि मग अचानक पिस्टन बोअरला धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून इंजिन सीझ होतं. मिक्समध्ये ही भीती नाही, पेट्रोल आहे तोवर ऑइल आहेच. शिवाय सीझ झालेल्या गाडीचा गिऱ्हाईक शेवटी मेस्त्रीलाच बोल लावतो. पण अशा गाड्यांमध्ये बहुतेक वेळा पंप धडधाकट असतो. ऑइलची टाकी रिकामी असते, नळीत हवा अडकलेली असते, नाहीतर केबल सरकलेली असते.

आता मिक्सचं खरं दुखणं. चाळीसास एक म्हणजे लिटरला २५ मिली ऑइल. तुम्ही सिग्नलला उभे असा की हायवेवर फुल एक्सलेटर देऊन निघालेले असा, प्रमाण तेच. इंजिनाची गरज मात्र दोन्हीकडे वेगळी. पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो आणि त्याच्या दट्ट्याचा स्ट्रोक एक्सलेटरच्या केबलने कमी-जास्त होतो. म्हणजे किती ऑइल जाणार, हे वेग आणि एक्सलेटर दोन्ही मिळून ठरवतात. यामाहाने १९६४ मध्ये वायए-६ वर ऑटोल्यूब नावाने हीच सोय आणली.

शहरात याचा फरक डोळ्यांना दिसला. मिक्सवर असताना दाभोळकर कॉर्नरला सिग्नल सुटला की मागच्या माणसाच्या तोंडावर धूर जायचा आणि प्लग काळाकुट्ट, ओलसर निघायचा. आता सकाळी पहिल्या किकला थोडा धूर येतो, इंजिन तापलं की तोही जवळजवळ बंद. प्लग बिस्किटी रंगाचा निघतो. सायलेन्सरची जाळी पूर्वीइतक्या वेळा साफ करावी लागत नाही.

सर्वात मोठा फरक घाटात जाणवतो. आंबा घाट साखरप्याच्या बाजूला उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये असते, एक्सलेटर बंद, आणि चाकं इंजिनाला जोरात फिरवत असतात. मिक्सवर ऑइल पेट्रोलसोबतच येतं. एक्सलेटर बंद म्हणजे पेट्रोल नावापुरतं, म्हणजे ऑइलही नावापुरतं, आणि पिस्टन मात्र हजारो फेऱ्या मारतोय. म्हणूनच स्कूटरची जुनी मंडळी लांब उतारावर मधूनमधून क्लच दाबून एक्सलेटर पिळायची. पंपवाल्या गाडीत एक्सलेटर बंद असला तरी दट्ट्याचा किमान स्ट्रोक शिल्लक राहतो, आणि इंजिन जितकं जोरात फिरेल तितक्या वेळा तो ऑइल ढकलतो. या एका कारणासाठीसुद्धा मी पंप ठेवला असता.

"जरा जास्तच ऑइल टाका, सेफ राहील" असं सांगणारेही भेटतात. कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून, जाणाऱ्या द्रवात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं, मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) आणि इंजिन उलट जास्त तापतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, तेही मिश्रण लीनच करतं. ऑइलचं प्रमाण वाढवायचं असेल तर मेन जेटही बघावा लागतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

पंप बसवताना सगळी मेहनत केबलवर घ्या. हँडलवरून येणारी केबल टाकीखाली दुभागते: एक फाटा कार्बोरेटरला, दुसरा पंपाच्या पुलीला. पुलीवर एक खूण असते आणि तिच्यासमोर पिन. केबलचं ढिलेपण काढल्यावर ही खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या एक्सलेटरच्या स्थितीत पिनसमोर आली पाहिजे. बाजारातली स्वस्त केबल दोन-तीन मिलिमीटर लांब निघाली तरी खूण मागे राहते आणि पंप प्रत्येक वेगाला कमी ऑइल देतो. आम्ही टॉर्च लावून, अॅडजस्टर पाव-पाव फेरी फिरवत ती जुळवली. मग हवा काढण्याचा स्क्रू सैल केला आणि बुडबुडे थांबून अखंड ऑइल येईपर्यंत थांबलो. पुढच्या नळीतली हवा काढायला इंजिन मंद चालू ठेवून पंपाची केबल हाताने पूर्ण ओढून धरली. हे करताना टाकीत मिक्स पेट्रोलच हवं, कारण तेवढा वेळ पंपाचा भरवसा नसतो. पहिली टाकीही मी मिक्सवरच संपवली. ऑइलची खाली जाणारी पातळी डोळ्यांनी पाहिली, मगच साधं पेट्रोल भरलं.

ऑइलमध्ये काटकसर नको. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (ऑइलच्या दर्जाची जपानी खूण) लिहिलेलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल घ्या. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, हवेवर थंड होणाऱ्या आरएक्सला ते नको. खर्चाचं म्हणाल तर चाळीसास एक आणि लिटरला ४० किलोमीटर धरले, तर एक लिटर ऑइल १,६०० किलोमीटर जातं. पंपावर शहरात माझं ऑइल याहून जास्त पुरतं, घाटाच्या फेरीत कमी पुरतं. वर्षाच्या हिशेबात मोठी बचत नाही.

मिक्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या घरच्या जुन्या चेतक स्कूटरला लिटरला २० मिली टाकतो, तिची रचनाच तशी आहे. गवत कापायच्या मशीनला तर दुसरा पर्याय नाही, ते कसंही तिरकं धरून चालवायचं असतं. पोर्टिंग करून (सिलिंडरची छिद्रं घासून मोठी करून) मोठा कार्बोरेटर लावलेल्या गाड्यांनाही मिक्सच बरं, कारण पंपाचं माप कंपनीच्या इंजिनाप्रमाणे ठरलेलं असतं. फक्त मिक्स पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवू नका. कार्बोरेटरच्या बाऊलमधलं (वाटीतलं) पेट्रोल उडून जातं, मागे ऑइलचा चिकट थर उरतो आणि पायलट जेट (मंद चालीचा बारीक जेट) चोक होतो. इथेनॉलचं पेट्रोल ओलावाही ओढतं.

पंप काढलेली आरएक्स बघायला जाणार असाल तर मालकाला आधी एवढंच विचारा: पंप जपून ठेवलाय का? असेल तर त्याचा गिअर झिजलाय का, पुली हाताने फिरते का आणि सोडल्यावर जागेवर येते का ते पाहा. ऑइल इंजिनात शिरतं तिथला चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने ऑइल सोडणारी झडप) तपासा. तो गळका असेल तर उभ्या गाडीत ऑइल झिरपत राहतं आणि सकाळी धुराचा लोट उठतो. ऑइलच्या टाकीत तळाला गाळ आणि पाणी असतं, ती धुऊन वाळवूनच भरा. पंप भंगारात गेला असेल तर चांगला जुना पंप शोधायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून कमी करून मागा.