मेन कून की रॅगडॉल: निवड कशावर करावी

मोठं, लांब केसांचं, माणसात रमणारं मांजर हवं असं ठरलं की बहुतेकांसमोर शेवटी या दोनच जाती उरतात. फोटोत दोन्ही देखणी दिसतात. सोबत राहायला मात्र ती अगदी वेगळी आहेत, आणि निवड त्यावरच व्हावी असं मला ठामपणे वाटतं.

मेन कूनला घरात चाललेल्या प्रत्येक कामात नाक खुपसायचं असतं. कपाट उघडलं की डोकं आत. नळ सोडला की स्वारी काठावर हजर. पुढचा पंजा धारेखाली धरायचा, झटकायचा, पुन्हा धरायचा. मांडीवर फार वेळ टिकत नाही, पण तुम्ही ज्या खोलीत जाल तिथे मागोमाग येतं. म्याव करण्यापेक्षा चिवचिवल्यासारखे बारीक आवाज काढतं, आणि एवढ्या आडदांड जनावराच्या तोंडून ते फार गोड वाटतात. चढायला उंच जागा आणि खेळायला कुणीतरी, हे त्याला मोठेपणीही लागतं.

रॅगडॉल उंचावर कमी आणि तुमच्या पायाशी जास्त सापडतं. उचललं की पुष्कळशी रॅगडॉल अंग सैल सोडून हातावर पडून राहतात. सगळी नव्हे, पिल्लू हातात वळवळलं म्हणून ते अस्सल नाही असं समजू नका. या शांतपणामुळे आपली जबाबदारी वाढते. मुलांनी कसंही उचललं तरी ते निमूट सहन करतं, म्हणून मोठ्या माणसाचं लक्ष हवं. बाहेर एखादं कुत्रं अंगावर आलं तर स्वतःला वाचवण्याची चपळाई त्याच्यात कमी. मेन कूनलाही घरातच ठेवलेलं बरं, पण रॅगडॉलच्या बाबतीत यात तडजोड नको.

रॅगडॉलला वेदना कमी जाणवतात, असं अजूनही सांगितलं जातं. ते खोटं आहे, आणि त्याचं मूळ या जातीच्या जन्मकथेत आहे. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथे अ‍ॅन बेकर यांनी जोसेफीन नावाच्या पांढऱ्या, लांब केसांच्या मांजरीच्या पिल्लांपासून ही जात घडवली. जोसेफीनला गाडीची धडक बसली होती आणि त्या अपघातानंतर झालेली पिल्लं वेगळीच निघाली, असा बेकर यांचा दावा होता. अपघाताने आईचं शरीर बदलतं, पिल्लांची जनुकं नाही. स्वभाव आला तो शांत मांजरं निवडून त्यांचीच वीण वाढवल्यामुळे.

मेन कून कुणी ठरवून घडवलं नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या शेतांवर उंदीर मारत ते वाढलं. रॅकून या अमेरिकेतल्या जंगली प्राण्याशी मांजराचा संकर होऊन ही जात झाली, ही कथा अशक्य कोटीतली. जहाजांवरून आलेली लांब केसांची मांजरं स्थानिक मांजरांत मिसळली असावीत. पाणी न धरणारे केस, पंजांच्या बोटांमधले झुपके आणि अंगाभोवती घेता येईल अशी शेपटी ही तिथल्या हिवाळ्याची देणगी. 1895 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात कोझी नावाची मेनची मांजरी सर्वोत्तम ठरली होती. 1985 पासून ही जात त्या राज्याचं अधिकृत मांजर आहे.

रंगाची हौस असेल तर मेन कूनमध्ये निवड भरपूर. रॅगडॉलचे डोळे निळेच, आणि गडद रंग फक्त चेहरा, कान, पाय, शेपटी अशा शरीराच्या थंड भागांवर चढतो. पिल्लं जवळजवळ पांढरी जन्मतात, त्यामुळे लहानपणी पाहून पक्का रंग सांगता येत नाही. दोन्ही जाती भरायला तीन-चार वर्षं घेतात आणि बोके सात-आठ किलोंच्या पुढेही जातात. लिटर बॉक्स, म्हणजे मांजराची शी-शूची पेटी, पहिल्यापासून मोठाच घ्या.

केसांच्या बाबतीत रॅगडॉल थोडं सोपं, कारण आतली लोकर कमी. तरी कंगवा दोघांनाही आठवड्यातून दोन-तीनदा हवा. पाठ विंचरून काम झालं असं वाटतं, पण गाठी होतात काखेत, कानांमागे आणि मांड्यांच्या आत. तिथे आधी बोटं फिरवून पाहावीत.

आता सर्वांत महत्त्वाचं. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा एचसीएम हा आजार दोन्ही जातींत आढळतो. त्याच्याशी निगडित जनुकदोष मेन कूनमध्ये 2005 साली आणि रॅगडॉलमध्ये 2007 साली सापडला. जनुक एकच, बदल निराळे, म्हणून चाचणीही त्या त्या जातीची हवी. चाचणी निर्दोष आली तरी आजार होणारच नाही अशी हमी नसते, त्यामुळे पैदाशीच्या मांजरांची ठरावीक काळाने हृदयाची सोनोग्राफीही व्हायला हवी. मेन कूनच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रेही मागा, कारण खुब्याचे सांधे सैल असण्याचा दोष या जातीत बराच दिसतो. ब्रीडरने हे कागद दाखवायला टाळाटाळ केली, तर पिल्लू कितीही लाघवी असलं तरी तिथून घेऊ नका.