खासबाग मैदान, कोल्हापूर: बाबांना घेऊन गेलेलो, पाचपैकी पाच

पुण्याहून अंबाबाईला जाणारे आपण सगळे देऊळ, रंकाळा, मिसळ, तांबडा-पांढरा करून परत फिरतो आणि देवळापासून चालत जाण्याइतकं जवळ असलेलं खासबाग, म्हणजे कुस्त्यांचं मैदान, राहूनच जातं, माझंही तीन वेळा राहिलं. ह्यावेळी बाबा बरोबर होते, तरुणपणी शुक्रवार पेठेत तालीम केलेला माणूस, कराड आलं तेव्हाच त्यांचं खाशाबा जाधवांचं गाव गोळेश्वर आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधलं त्यांचं कुस्तीचं पदक सुरू झालेलं, त्यामुळे गाडी आधी खासबागलाच.

शाहू महाराज १९०२ ला सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेलेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं गोल प्रेक्षागार बघितलं आणि आपल्या पैलवानांसाठी असलं काहीतरी पाहिजे हे मनात धरूनच परत आले. १९०७ ला काम सुरू, १९१२ ला मैदान तयार, आणि सुरुवातीलाच गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती. शेजारचं पॅलेस थिएटर, म्हणजे आत्ताचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं. इकडे कुस्ती, तिकडे नाटक, दोन्ही एकाच राजाने बांधलेलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह जळालं, तिथे बाबा जरा वेळ काही बोललेच नाहीत.

आता मैदान. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती बशीच्या काठासारखी चढत गेलेली बसायची जागा, मधे एक खांब नाही, वर छप्पर नाही. मी पार वरच्या ओळीत जाऊन बसलो, बाबा खालीच थांबले, चपला काढल्या, चिमूटभर माती बोटांत चोळून वास घेतला आणि ओरडले, "अरे, हळद आहे बघ, तेल पण आहे!" आणि मग ह्या वयात दोन्ही पाय रोवून खणखणीत शड्डू ठोकला, तो मला वरपर्यंत स्पष्ट ऐकू आला आणि त्यांचा पंजा मांडीवर पडलेलाही दिसला. पुण्यात मंडपाखालच्या कुस्त्यांना मागच्या खुर्चीवरून मी पुढच्यांची डोकी बघितलीयेत, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी नुसत्या उतारावर हा प्रश्न सोडवलाय ह्याचं मला फार म्हणजे फार कौतुक वाटलं. शेवटच्या माणसालाही डाव दिसला पाहिजे हे कुणीतरी मनापासून ठरवलं होतं.

ऊन असेल तर टोपी न्या, सावली नाही. संध्याकाळी गेलात तर उत्तम. आणि जमलं तर निकाली, म्हणजे हार-जीत होईपर्यंत चालणाऱ्या कुस्त्यांचं मैदान असेल तेव्हाच जा, हलगी वाजत असताना. आम्ही रिकामं बघितलं, आता तारीख कळली की बाबांना घेऊन परत जायचंय, वरच्याच ओळीत बसायचं हेही त्यांनी ठरवून टाकलंय.