ग्रीस-रोमची ओढ आणि बडोद्याचा पुरातत्त्व विभाग : एका माजी विद्यार्थ्याचा अभिप्राय

प्राचीन ग्रीस आणि रोमच्या ओढीने पुरातत्त्वाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींनी बडोद्यातच पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का, असे दांडिया बाजारातील परिचित पालक मला विचारतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व व प्राचीन इतिहास विभागाविषयी माझे मत अनुकूल आहे. मात्र ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ मुळातून वाचायचे असतील, तर त्या भाषांची तयारी ज्याची त्याने वेगळी करावी. या विभागाचे खरे बळ मातीचे थर, खापरे, मणी आणि धातूचे तुकडे वाचायला शिकवण्यात आहे.

भूमध्य समुद्राकडचे जग येथून वाटते तितके दूर नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारमार्गांच्या माहितीग्रंथातील बॅरिगाझा म्हणजे आपले भरूच. तेथे इटलीची मदिरा उतरत असे, अपोलोडोटस आणि मिनँडर या इंडो-ग्रीक राजांची जुनी द्राख्मा (चांदीची) नाणी अजून चालत, आणि नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी इतकी धोकादायक होती की राजाच्या चाकरीतील कोळी गलबतांना वाट दाखवून आत आणत. आज बडोदा शहरातच सामावलेल्या अकोट्यातून इरॉस या ग्रीक प्रेमदेवतेची आकृती असलेली, रोमन घडणीच्या कांस्यपात्राची मूठ मिळालेली आहे. भरूचला जाऊन नदीचे पात्र पाहिल्यावर हा ग्रंथ जसा उलगडतो, तसा तो केवळ ग्रंथालयात बसून उलगडत नाही, असे मला मनापासून वाटते.

विभागाची स्थापना 1950 सालची, बी. सुब्बाराव हे त्याचे पहिले प्रमुख. रमणलाल मेहता यांनी चांपानेरला उत्खनन केले, तर के. टी. एम. हेगडे यांनी रसायनशास्त्राची दृष्टी आणली आणि राजस्थानातील जावर येथील प्राचीन जस्तनिर्मितीच्या अभ्यासात महत्त्वाचा वाटा उचलला. कच्छच्या आखाताजवळील बगसरा येथे 1996 ते 2005 या काळात झालेल्या उत्खननात हडप्पाकालीन शंखाच्या बांगड्यांचे आणि मण्यांचे कारखाने उजेडात आले. पुरातत्त्वाकडे विज्ञान शाखेतून येऊ इच्छिणाऱ्यांनी हेगडे यांचे काम अवश्य पाहावे. मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांइतकीच या विषयाला त्यांचीही गरज आहे.

उत्तर गुजरातमधील देवनीमोरीच्या बौद्ध स्तूपाचे स्थळ आज मेश्वो धरणाच्या जलाशयाखाली आहे. तेथून मिळालेला, ब्राह्मी लेख असलेला अस्थिकरंडक मात्र विभागाने जपून ठेवला आहे. मूळ स्थळ कायमचे नाहीसे झाल्यावर नोंदवही, छायाचित्रे आणि मोजमापे यांचे मोल काय असते, हे याहून स्पष्टपणे शिकवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

उन्हात बसून खापरे धुणे, त्यांवर क्रमांक घालणे आणि त्यांची रेखाटने करणे ज्यांना कंटाळवाणे वाटेल, त्यांनी प्राचीन इतिहासाची दुसरी वाट धरावी. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना करंडकावरील लेखाची भाषा परकी वाटणार नाही. त्यांनी प्रवेशापूर्वीच्या सुट्टीत ब्राह्मी लिपी शिकून घ्यावी.