हिरानंदानी, चांदिवली की आयआयटी मार्केट? पवईत घर घेणाऱ्यांसाठी तुलना

पवई परिसरात घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबापुढे साधारणपणे तीन पर्याय येतात. पहिला हिरानंदानी गार्डन्स, दुसरा चांदिवलीतील नहार अमृतशक्ती ही उंच इमारतींची वसाहत आणि तिच्या आसपासच्या सोसायट्या, आणि तिसरा आयआयटी मार्केट व चैतन्यनगर या बाजूच्या जुन्या इमारती. हे तिन्ही भाग एकमेकांपासून फार लांब नाहीत; रहदारी नसेल तर रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत एकाकडून दुसरीकडे जाता येते. तरीही इथे राहणाऱ्यांच्या उत्पन्नात इतकी तफावत आहे, आणि ती इतक्या थोड्या जागेत सामावलेली आहे, की केवळ चौरस फुटाचा दर पाहून निर्णय घेतला तर त्या दरात काय दडलेले आहे हे राहायला गेल्यानंतरच कळते. मी काही वर्षे हिरानंदानीत भाड्याने राहिले आणि नंतर चांदिवलीत घर घेतले. ओळखीतली माणसे अजूनही विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे कोणत्या वस्तीचे उत्पन्न किती, याची अधिकृत आकडेवारी मिळत नाही, कारण जनगणनेत कुटुंबाचे उत्पन्न विचारलेच जात नाही. २०११ च्या जनगणनेने एवढे सांगितले की बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के कुटुंबे झोपडपट्टीत राहतात. त्यापुढचा अंदाज आपल्यालाच बांधावा लागतो: घराचे क्षेत्रफळ किती, पाणी नळाने येते की हंड्याने, मूल कोणत्या शाळेत जाते, आजारी माणसाला कुठे नेतात. या चार गोष्टी पाहिल्या की पवईतील दरी मोजायला वेगळ्या आकड्यांची फारशी गरज उरत नाही.

हिरानंदानीपासून सुरुवात करते, कारण या परिसराचा भाव तिथे ठरतो. ही वसाहत मोकळ्या बाजारात जमीन विकत घेऊन उभी राहिली, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. शहरातील मोकळ्या जमिनीच्या मालकीवर मर्यादा घालणाऱ्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याच्या काळात, १९८६ साली, राज्य शासन, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि जमीनमालकांच्या वतीने विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. त्यानुसार सुमारे २३० एकर जमीन हेक्टरी १ रुपया या नाममात्र दराने ८० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर देण्यात आली. अट अशी होती की निम्म्या सदनिका ४० चौरस मीटरच्या आणि उरलेल्या ८० चौरस मीटरच्या असाव्यात, आणि १५ टक्के सदनिका शासनाला चौरस फुटाला १३५ रुपये दराने द्याव्यात. म्हणजे कागदावर ही योजना परवडणाऱ्या घरांची होती, बँकेतल्या कारकुनाला किंवा शाळेतल्या शिक्षकाला स्वतःच्या पगारात घेता येतील अशा घरांची. प्रत्यक्षात काय उभे राहिले, हे सेंट्रल अव्हेन्यूवर दहा मिनिटे चालले तरी दिसते. या अटींच्या भंगाविरुद्ध जनहित याचिका झाल्या, याचिकाकर्त्यांमध्ये मेधा पाटकर होत्या, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की आधी ४० चौरस मीटरच्या १,५११ आणि ८० चौरस मीटरच्या १,५९३ सदनिका बांधाव्यात, त्यानंतरच उर्वरित जमिनीचा विकास करावा. प्रकरण त्यानंतरही बरीच वर्षे चालले.

घर घेणाऱ्याने हा इतिहास का वाचावा, असे कोणी विचारेल. माझे उत्तर असे की, या परिसरातील विषमता आपोआप झालेली नाही. मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांसाठी ठरलेली घरे वेळेवर झाली असती, तर पवईचा मधला थर आज इतका पातळ नसता. तो पातळ असल्यामुळेच एका बाजूला कोट्यवधींची घरे आणि दुसऱ्या बाजूला टेकडीवरची पत्र्याची घरे, अशी ही रचना झाली आहे आणि या दोहोंच्या मध्ये परवडणारे घर शोधताना आपली दमछाक होते.

राहण्याच्या दृष्टीने हिरानंदानी उत्तम आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पदपथ सलग आहेत आणि त्यांवरून खरोखर चालता येते. झाडे मोठी झाली आहेत. रुग्णालय, शाळा, गॅलेरियातील दुकाने, सगळे पायी जाण्याच्या अंतरावर आहे. वयस्कर आईवडील सोबत असतील तर या सोयीची किंमत पैशात मोजता येत नाही. मात्र ही सोय ज्यांच्या हातांवर चालते त्यांची घरे या वसाहतीच्या आखणीत कुठेच नाहीत. सकाळी पावणेसातला कोणत्याही मोठ्या इमारतीच्या फाटकाशी उभे राहून पाहावे. घरकामाला येणाऱ्या बायका रांगेत असतात. पहारेकरी प्रत्येकीचा क्रमांक मोबाइलवरच्या अॅपमध्ये टाकतो, पिशवी उघडून पाहतो, आणि मग त्या इमारतीच्या मागच्या बाजूला असलेल्या सेवा-लिफ्टकडे जातात. आमच्याकडे येणाऱ्या मावशी फुलेनगरहून टेकडी उतरून चालत यायच्या. सकाळी पाण्याची वेळ चुकली तर त्या दिवशी घरी पाणी भरून ठेवणारे कोणी नसे, म्हणून कधीकधी त्या उशिरा येत, आणि उशीर झाल्याची नोंद अॅपमध्ये आपोआप होई. चौदाव्या मजल्यावर आमच्या नळाला चोवीस तास पाणी होते.

जून २०२४ मधील जयभीमनगरची घटनाही निर्णय घेणाऱ्याला माहीत असावी. हिरानंदानीला लागून असलेली ही वस्ती महापालिकेने ६ जूनला पाडली. यातील अनेक कुटुंबे याच परिसरातील बांधकामांवर मजुरीसाठी आलेली होती. १ जून ते ३० सप्टेंबर या पावसाळ्याच्या काळात राहत्या झोपड्या पाडू नयेत, असा शासनाचा निर्णय असतानाही ही कारवाई झाली आणि नंतर उच्च न्यायालयाने तिची चौकशी करायला लावली. बेघर झालेली कुटुंबे भर पावसात पदपथावर ताडपत्र्या बांधून राहिली. त्याच पदपथांचे मी वर कौतुक केले आहे.

चांदिवलीचे चित्र वेगळे आहे, आणि माझ्या मते अधिक गुंतागुंतीचे. खाणी, लहान कारखाने आणि चित्रीकरणाचा स्टुडिओ असलेला हा भाग गेल्या दोन-अडीच दशकांत निवासी झाला. इथे नहार अमृतशक्तीच्या मनोऱ्यांना लागून संघर्षनगर ही पुनर्वसन वसाहत आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. १ जानेवारी १९९५ पूर्वीपासून राहणाऱ्या पात्र कुटुंबांनी ७,००० रुपये भरून पर्यायी जागा घ्यायची होती. आधी कल्याणच्या बाजूला जागा सुचवली गेली. तिथे जाऊन रोजगार कसा टिकवायचा, या प्रश्नावर झोपडीवासीयांच्या घरांसाठी झगडणाऱ्या निवारा हक्क सुरक्षा समितीने लढा दिला आणि अखेर झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून चांदिवलीत संघर्षनगरच्या इमारती झाल्या. २००७ च्या सुमारास लोक राहायला येऊ लागले. प्रत्येक घर २२५ चौरस फुटांचे. पुनर्वसन घराचे हे माप पुढे २६९ आणि मग ३०० चौरस फूट झाले, परंतु आधी बांधलेली घरे अर्थातच तेवढीच राहिली.

२२५ चौरस फूट म्हणजे काय, हे नुसते ऐकून लक्षात येत नाही. आमच्या चांदिवलीच्या घराची बैठकीची खोली आणि तिला जोडलेली गॅलरी एकत्र धरली तर जवळपास तेवढी जागा होते. त्या जागेत आमच्याकडे आता येणाऱ्या ताई, त्यांचे यजमान, सासूबाई आणि दोन मुले राहतात. मोठी मुलगी दहावीला होती तेव्हा घरातले दिवे लवकर मालवावे लागत, म्हणून ती जिन्याच्या वळणावर चटई टाकून अभ्यास करी. इमारतीची लिफ्ट महिनोन्महिने बंद असे, कारण दुरुस्तीचा आणि विजेचा खर्च वर्गणीतून निघत नसे. सासूबाई सहाव्या मजल्यावरून दवाखान्याखेरीज खाली उतरत नसत. घर पक्के झाले, पाडले जाण्याची भीती गेली, ही गोष्ट लहान नाही. ताई स्वतः तसे म्हणतात. पण पक्के घर मिळाल्याने उत्पन्न वाढले नाही, उलट दरमहाचे खर्च वाढले.

तरीही मी चांदिवलीकडे झुकते, त्याचे कारण इथली दरी लहान आहे असे नव्हे. इथे दोन्ही बाजूंच्या माणसांना कायद्याने दिलेला पत्ता आहे. संघर्षनगरातील माणूस मतदार म्हणून, पालक म्हणून, गिऱ्हाईक म्हणून त्याच रस्त्यावर वावरतो. भाजी दोघेही त्याच हातगाडीवर घेतात. हिरानंदानीत नोकर म्हणून येणारा माणूस संध्याकाळी तिथून निघून जातो, आणि तिथे वाढणाऱ्या मुलाला तो कामाच्या वेळेपुरताच दिसतो. माझ्या मुलांनी तिथल्यासारखे वाढू नये, असे मला वाटले. हे कोणाला भाबडे वाटेल, परंतु घर घेताना आपण पंधरा-वीस वर्षांचा शेजार घेत असतो.

आयआयटी मार्केट आणि चैतन्यनगर या बाजूविषयी थोडक्यात सांगते. १९५८ साली आयआयटी आली तेव्हापासून तिच्या आधाराने वाढलेला हा भाग आहे. जुन्या सोसायट्या, बैठी घरे आणि टेकडीवरची वस्ती एकमेकांत मिसळलेली आहे. घरे लहान आणि तुलनेने स्वस्त आहेत, कांजूरमार्ग स्थानक जवळ आहे. वाहन उभे करायला जागा नाही आणि कर्जासाठी काही इमारतींची कागदपत्रे अपुरी पडतात. पहिलेच घर घेणाऱ्या, मर्यादित पगाराच्या जोडप्याने भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आणि अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे झाली आहे का) तपासून हा पर्याय जरूर पाहावा.

प्रवासात तिन्ही भाग कमकुवत आहेत. पवईला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. हिरानंदानीतून कांजूरमार्ग किंवा विक्रोळी, चांदिवलीतून घाटकोपर किंवा २०१४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचे साकीनाका स्थानक गाठावे लागते. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरील मेट्रो ६ चे काम रखडत चालले आहे. दलाल तिच्या भरवशावर दर सांगत असेल तर तो मान्य करू नये. गाडी असलेल्याला कोंडीचा त्रास होतो, पण बेस्टच्या बसवर अवलंबून असलेल्याला मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ वरून १० रुपये झाल्यावर महिन्याचे गणित बदलावे लागले. ताईंनी त्यानंतर एका बाजूचा प्रवास चालत करायला सुरुवात केली.

मुलांच्या शाळेबाबतही घराचे ठिकाण महत्त्वाचे ठरते. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना मिळणाऱ्या २५ टक्के राखीव प्रवेशासाठी घरापासून शाळेचे अंतर पाहिले जाते, म्हणजे गरीब वस्ती चांगल्या शाळेच्या शेजारी असणे याला कायदेशीर अर्थ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने शासकीय किंवा अनुदानित शाळा जवळ असलेल्या खासगी शाळांना या राखीव प्रवेशातून सूट देण्याचा नियम केला होता. उच्च न्यायालयाने तो जुलैमध्ये रद्द केला. आपल्या मुलासाठी शाळा निवडताना ती हे प्रवेश प्रत्यक्षात देते का, हे मुख्याध्यापकांना विचारावे. शाळेविषयी पुष्कळ काही त्या एका उत्तरातून कळते. दवाखान्याचे म्हणाल तर विमा असलेला माणूस हिरानंदानीतील रुग्णालयात जातो आणि नसलेला घाटकोपरच्या राजावाडीत.

करांचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. त्याहून मोठे घर घेणाऱ्याने कराची रक्कम आधीच्या मालकाच्या बिलावरून पाहून घ्यावी. हिरानंदानी महापालिकेच्या एस विभागात, म्हणजे भांडुपच्या कार्यालयाकडे येते, आणि चांदिवली कुर्ल्याच्या एल विभागात, त्यामुळे पाणी किंवा कचऱ्याच्या तक्रारी वेगवेगळ्या ठिकाणी कराव्या लागतात. दलालाने सांगितलेल्या दरावर विश्वास न ठेवता नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतील अलीकडच्या व्यवहारांची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या खरेदीची किंमत दाखवणारा उतारा, पाहावी.

एकूण विचार करता, वृद्ध आईवडील सोबत असतील आणि ऐपत असेल, तर हिरानंदानी. पहिले घर आणि तुटपुंजी जमा असेल, तर कागद तपासून आयआयटी मार्केट. शाळेत जाणारी मुले आणि मध्यम ते बऱ्यापैकी उत्पन्न असेल, तर चांदिवली, असे मी सुचवेन. मात्र कोणत्याही ठिकाणी विसार देण्यापूर्वी सोसायटीच्या चिटणीसांकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: दरमहाचे देखभाल शुल्क, आणि पहारेकरी व सफाई कामगारांना ठेकेदार प्रत्यक्षात हातात किती पगार देतो तो आकडा. दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहावेत. त्यानंतर कामगारांसाठी शौचालय आणि पिण्याचे पाणी कुठे आहे ते दाखवायला सांगावे. आमच्या सोसायटीत हा प्रश्न विचारला तेव्हा शौचालय नव्हते. दोन सर्वसाधारण सभांनंतर ते तळमजल्यावर, पंपाच्या खोलीशेजारी झाले.