वांगानुई नदीसाठी कॅनो घ्यावी की कयाक?

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील वांगानुई नदीचा प्रवास तिथल्या ‘ग्रेट वॉक’ म्हणजे अनेक दिवसांच्या नामांकित पदभ्रमण मार्गांमध्ये गणला जातो. चालायचे फारसे नसले तरी मुक्कामाची ठिकाणे, आरक्षण आणि शिस्त त्याच मार्गांसारखी आहे. टाउमारुनुईहून निघाल्यास पिपिरिकीपर्यंत १४५ किलोमीटर आणि साधारण पाच दिवस, तर फाकाहोरोहून निघाल्यास ८७ किलोमीटर आणि तीन दिवस लागतात. पाठीवर सॅक घेऊन फिरणारे बहुतेक जण हॉस्टेलमध्ये जमलेल्या सहप्रवाशांबरोबर तीन दिवसांचा बेत आखतात. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या हंगामासाठी तळांचे आरक्षण आधीच करावे लागते, त्यामुळे तारखा आणि मुक्काम लवकर ठरतात. शेवटपर्यंत लोंबकळत राहतो तो होडीचा प्रश्न, कारण भाड्याने देणाऱ्यांकडे दोघांची उघडी कॅनो आणि एकट्याची कयाक अशा दोन्ही मिळतात. ही नदी मी दोन्हींतून उतरलो आहे आणि माझे मत एका बाजूला झुकलेले आहे. तरीही कयाकच्या बाजूने जे खरे आहे ते आधी सांगणे योग्य होईल.

कयाक वेगाने जाते आणि फार बळ न लावता सरळ जाते. वांगानुईच्या खोल घळीत दुपारनंतर अनेकदा समोरून वारा येतो. उंच कडांची कॅनो अशा वाऱ्यात अडखळते, पुढचे टोक सारखे वळू लागते, आणि दोघांनी नेटाने वल्हवूनही काठावरची झाडे जागची हलत नाहीत असे वाटते. पाण्याला लगटून जाणाऱ्या कयाकला त्याच वाऱ्याचा त्रास मला निम्म्याहून कमी जाणवला. मी हे मोजलेले नाही. संध्याकाळी खांदे किती भरून आले होते एवढाच माझा आधार आहे. शिवाय कयाकमध्ये आपण कोणावर अवलंबून नसतो. मन झाले की थांबावे, पाणी ठिबकणाऱ्या एखाद्या शेवाळलेल्या कड्याजवळ जाऊन यावे, पुन्हा सर्वांना गाठावे. एकांत प्रिय असणाऱ्याला हे स्वातंत्र्य फार मोलाचे वाटेल.

कॅनोत मात्र दोघांचे जमावे लागते, आणि इथे जोडीदार बहुधा नुकताच ओळखीचा झालेला असतो. मागे बसणारा दिशा सांभाळतो, पुढे बसणारा वेग देतो आणि पाण्याखालचे खडक पाहून सांगतो. पहिल्या सकाळी दोघेही एकाच वेळी दिशा सांभाळू पाहतात आणि होडी या काठावरून त्या काठाकडे जात राहते. फाकाहोरोहून निघाल्यावर पहिल्या दिवशी जॉन कूल झोपडीच्या तळापर्यंत जायचे असेल, तर अंतर ३७ किलोमीटरच्या आसपास असते. म्हणजे एकमेकांची लय समजून घ्यायला भरपूर वेळ मिळतो. माझ्या अनुभवात दुपारपर्यंत ती सापडते. न सापडल्यास दुसऱ्या दिवशी जोड्या बदलता येतात, आणि मोठ्या गटात तसे सहज केले जाते.

इथपर्यंत पारडे समसमान आहे, किंबहुना किंचित कयाककडे झुकलेले आहे. माझ्यापुरता निर्णय झाला तो पाण्यावर नव्हे, तर काठावर, सकाळच्या बांधाबांधीत.

कयाकमध्ये सामान ठेवायचे ते पुढच्या आणि मागच्या पोकळीत, आणि तिथे शिरायची वाट म्हणजे एक लहानसे तोंड. प्रवासाची सॅक त्यातून जात नाही. त्यामुळे तिच्यातले सगळे बाहेर काढून लहान लहान जलरोधक पिशव्यांत वाटून घ्यावे लागते: स्लीपिंग बॅग एकीकडे, कपडे दुसरीकडे, तंबूचे कापड तिसरीकडे, आणि तंबूचे खांब सर्वांत आधी टोकापर्यंत सरकवलेले, कारण नंतर त्यांना जागा उरत नाही. प्रत्येक पिशवीतली हवा काढून ती ठरलेल्या क्रमानेच आत ढकलावी लागते. रात्री दव पडून ओला झालेला तंबू काल जेवढ्या जागेत मावला होता तेवढ्यात आज मावत नाही, आणि मग केलेली सगळी रचना पुन्हा उपसावी लागते. वांगानुईचे काठ मऊ, राखाडी चिखलदगडाचे आहेत आणि ओले झाले की विलक्षण निसरडे होतात. तो चिखल हातांवरून पिशव्यांवर आणि पिशव्यांवरून झाकणाच्या कडेवर येतो; कड पुसून घेतली नाही तर झाकण नीट बसत नाही आणि दुपारी आतले कपडे ओले निघतात. रोज सकाळी पाण्यात उतरायला सर्वांत शेवटी मीच असे, आणि बाकीचे सहप्रवासी काहीही न बोलता वल्ही हातात धरून थांबलेले असत. त्यांच्या त्या सौजन्याचेच मला अधिक अवघडल्यासारखे होत असे.

कॅनोसोबत रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची प्लॅस्टिकची पिंपे मिळतात. हाताला येईल ते आत टाकावे, झाकण घट्ट फिरवावे, पिंप उचलून होडीत ठेवावे आणि दोरीने बांधावे, की काम झाले. ओला तंबू वेगळ्या पिशवीत घालून पिंपांवरच बांधता येतो. तळावर हीच पिंपे बसायला आणि भाजी चिरायला उपयोगी पडतात, आणि अन्न त्यांत बंद राहिल्याने रात्री उंदीर किंवा पोसम (झाडांवर राहणारा एक निशाचर प्राणी) त्याला लागत नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट गटाची आहे. स्वयंपाकाचे मोठे भांडे, गॅसची शेगडी, सर्वांचे धान्य, परत न्यायचा कचरा, हे सगळे कॅनोतच जाते. कयाकमध्ये ते मावतच नाही. म्हणजे कयाकवाला तिन्ही दिवस दुसऱ्यांनी वाहिलेल्या शिध्यावर जेवतो. भांडी घासून, पाणी उकळून मी माझा वाटा उचलत होतो आणि कोणी काही म्हणाले नाही, परंतु तंबूत राहण्याच्या प्रवासात ओझे वाटून घेण्यातूनच माणसे जवळ येतात असे मला वाटते, आणि कयाकने मला त्यापासून थोडे दूर ठेवले. नदी पावसाने झपाट्याने चढते, म्हणून रात्री होड्या काठावर उंच ओढून बांधाव्या लागतात. रिकामी कॅनो चौघे सहज वर नेतात. भरलेली कयाक मात्र तशीच उचलायला जड जाते, आणि रिकामी केली तर सकाळची बांधाबांध पुन्हा पहिल्यापासून आलीच.

वाटेत मांगापुरुआचा धक्का आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या वसाहतीसाठी १९३६ साली पूर्ण झालेला आणि वसाहत उठून गेल्यामुळे ‘कुठेही न जाणारा पूल’ म्हणून ओळखला जाणारा पूल पाहायला इथे उतरतात. धक्क्यावर जागा थोडी असल्याने होड्या एकमेकींना बांधून त्यांवरून काठावर जावे लागते. कॅनोवरून हे जमते. कयाकच्या अरुंद बैठकीतून पाय बाहेर काढून असे उठणे मला तरी कठीण गेले.

खळाळांबाबत कयाक उजवी आहे, हे मान्य केले पाहिजे. शेवटच्या दिवशी, टिएके काइंगा या मुक्कामाच्या ठिकाणापुढे, ‘फिफ्टी-फिफ्टी’ या नावाने ओळखला जाणारा खळाळ लागतो आणि तिथे कॅनो पाण्याने भरतात, काही उलटतातही. पण तोपर्यंत जोडीची लय बसलेली असते, बांधलेली पिंपे तरंगतात, आणि खाली आधी पोहोचलेले सहप्रवासी मदतीला असतात. टाउमारुनुईहून पाच दिवसांसाठी निघणाऱ्यांना मात्र वरच्या टप्प्यात असे खळाळ बरेच अधिक लागतात; ज्याला वल्हवण्याचा सराव आहे आणि ज्याचे सामान खरोखर मोजके आहे, त्याने तिथे कयाकचा विचार अवश्य करावा. गटाची संख्या विषम असेल तर कोणीतरी एकाने कयाक घेणे भाग पडते, आणि मग ती सकाळी लवकर उठणाऱ्याकडे जावी.

फाकाहोरोहून, तंबू घेऊन, नव्या ओळखीच्या माणसांबरोबर तीन दिवस जाणाऱ्याला मी कॅनोच सुचवीन. दोघांच्या वजनात फरक असेल तर जड व्यक्तीने मागे बसावे आणि सर्वांत भारी पिंप मध्यापासून थोडे पुढे बांधावे, म्हणजे पुढचे टोक उचलले जात नाही आणि दुपारच्या वाऱ्यात होडी बरीच आटोक्यात राहते.